गुरुवारचा सेट

सेट हा शब्द आता आपलाही झाला आहे. सोफ्याचा सेट, दागिन्यांचा सेट, टेनिसचा सेट. आणि पोराला नोकरी लागली की 'झाला एकदाचा सेट' म्हणून आपण पेढे वाटून मोकळे होतो. पण ज्यांचा तो मूळचा, त्या इंग्रजांनी त्याला घाण्याच्या बैलासारखा राबवला आहे. त्यांच्याकडे मोडलेलं हाड सेट होतं, ओलं सिमेंट सेट होतं, जेवणाचं टेबल सेट होतं, उंदराचा सापळा सेट होतो आणि संध्याकाळी सूर्यसुद्धा सेटच होतो. तिथल्या जाडजूड शब्दकोशांत या एवढ्याशा शब्दाने पानंच्या पानं अडवली आहेत म्हणतात. यॉर्कशरमधल्या आमच्या थॉर्नशॉ गावच्या नोरीन हेगने शब्दकोश कधी उघडला नव्हता. तिचा सगळा जन्म मात्र त्या एका शब्दाभोवती गेला.

तिची आई एकवीस वर्षांची झाली तेव्हा तिच्या बापाने तिला वाढदिवसाला दातांचा सेट दिला होता. म्हणजे आधी तोंडातले सगळे चांगले दात उपटून घ्यायचे आणि मग कवळी बसवायची. पुढे दातांच्या खर्चाचा नवऱ्याच्या डोक्याला ताप नको. गिरणीवाल्या घरांतून मुलीला असा आहेर करायची तेव्हा रीत होती आणि मुलगी तो हसत घ्यायची. आईचा दुसरा सेट निळ्या काठाच्या कपबश्यांचा. तो काचेच्या कपाटात असे आणि पाद्री घरी आला किंवा घरात कुणी गेलं तरच बाहेर निघे. कपाट उघडल्याचा आवाज आला की छोटी नोरीन जिन्यावरून वाकून बघायची, पाद्री आलाय की कोण गेलंय.

नोरीनचा नवरा क्लिफर्ड नगरपालिकेत होता. गावच्या चढावरच्या गल्ल्यांत जे चौकोनी दगड बसवलेले असतात, त्यांनाही तिथे सेटच म्हणतात. क्लिफर्ड गुडघ्यांवर बसून ते दगड ठोकायचा आणि नोरीन घराच्या पुढच्या खोलीत गावातल्या बायकांचे केस सेट करायची. क्लिफर्ड चिडवायचा, "माझं काम शंभर वर्षं टिकतं. तुझं जेमतेम आठवडाभर."

"माझ्या बायका आठवड्याने परत तरी येतात," नोरीन म्हणायची. "तुझा दगड कधी आलाय का चहाला?"

आठवडाभर हे मात्र खरं. सेट म्हणजे आठवड्यातून एकदा केस धुवायचे, ओले असतानाच त्यांना सेटिंगचं पाणी लावायचं, रोलर गुंडाळून पिना टोचायच्या, वर जाळी बांधून मोठ्या टोपाच्या ड्रायरखाली बसायचं आणि मग विंचरून, फुलवून, वर फवारा मारून घरी जायचं. त्यानंतर पुढच्या वेळेपर्यंत केसांना पाणी लावायचं नाही, जाळी घालून झोपायचं, आणि पर्समध्ये घडीची प्लास्टिकची टोपी ठेवायची, कारण यॉर्कशरच्या आभाळाचा भरवसा नाही. सुरुवातीच्या काळात सेटिंगचं पाणी महाग पडे म्हणून नोरीन शिळी बिअर वापरायची. तिच्या बायका सगळ्या मेथडिस्ट चॅपलच्या, दारूच्या थेंबालाही न शिवण्याची शपथ घेतलेल्या. रविवारी चॅपलच्या पुढच्या बाकांवरून गुत्त्यासारखा वास सुटायचा आणि एकही बाई नाक मुरडायची नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

प्रत्येकीची वेळ ठरलेली असे आणि ती मरेपर्यंत तिचीच. चॅपलमधल्या बाकासारखंच ते. कुणी वर गेल्याशिवाय चांगली वेळ रिकामी व्हायची नाही. गुरुवारी सकाळी दहाची वेळ सगळ्यांत चांगली, कारण बाजाराच्या दिवशीची बस पावणेदहाला नोरीनच्याच कोपऱ्यावर थांबायची. ती वेळ डिलिस ग्रीनवुडची होती.

डिलिस आणि नोरीन चॅपलच्या रविवारच्या शाळेपासूनच्या मैत्रिणी. राणीच्या राज्याभिषेकाच्या वर्षी गल्लीतला पहिला टीव्ही सेट डिलिसच्या बापाने आणला. तेव्हा दोघी तरुण होत्या. आदल्या दिवशी डिलिस नोरीनच्या स्वयंपाकघरात येऊन बसली आणि म्हणाली, "माझे केस नीट करून दे गं. उद्या राणी बघायची आहे."

"अगं, तू राणीला बघणार आहेस, राणी तुला नाही," नोरीन म्हणाली.

"कुणाला काय माहीत? नवीन यंत्र आहे."

नोरीनने तिचे केस सेट करून दिले. तो तिच्या हातचा पहिला सेट. गल्लीने राणी पाहिली ती पाहिली, पण बायकांनी डिलिसचं डोकंही पाहिलं, आणि नोरीनचा धंदा सुरू झाला.

डिलिसची एक सवय होती. बाकीच्या बायका खुर्चीत बसल्या की मासिक उघडायच्या. डिलिस रोलरचा ट्रे मांडीवर घ्यायची आणि नोरीनचा हात खांद्यावरून पुढे आला की त्यात नेमका हवा तो रोलर ठेवायची. माथ्यावर हिरवे मोठे, बाजूंना निळे, मानेवर बारके गुलाबी. नोरीनला कधी मागावं लागलं नाही. दोघी तोंडाने गावभरच्या उखाळ्यापाखाळ्या काढत असायच्या आणि हात आपले आपण काम करत असायचे. वर्षानुवर्षं असंच चाललं.

मग जॅमचं ते प्रकरण झालं.

चॅपलचं दर उन्हाळ्यात प्रदर्शन भरे. सर्वांत मोठा लीक, म्हणजे कांद्याच्या जातीची जाड पात, सर्वांत चांगला फळांचा केक, घरचा जॅम. जॅमच्या बरण्यांवर नाव नसे, नुसता आकडा. त्या वर्षी जॅमचं परीक्षण नोरीनकडे आलं. स्ट्रॉबेरीचा जॅम मोठा नाठाळ. आपल्याकडे लाडवाचा पाक जसा फसतो तसा तो फसतो. थंड बशीत थेंब टाकून बोटाने ढकलायचा, त्यावर सुरकुती आली तर जॅम सेट झाला. नोरीन एकेक बरणी तिरकी करत गेली. सहा नंबरच्या बरणीतला जॅम, ती तिरकी करताच, सरबतासारखा काठाला आला.

बरणीवर नाव नसलं तरी झाकणावर कापड होतं, पिवळ्या फुलांचं. डिलिसच्या मुलीचा, गिलियनचा, तो लहानपणचा फ्रॉक. तो नोरीनने शंभरदा पाहिला होता. म्हणजे बरणी कुणाची हे तिला कळलं. दुसऱ्या गावच्या बाईने ओळख लागताच हात आखडता घेतला असता. पण थॉर्नशॉच्या माणसांना आपल्या परखडपणाचा भारी अभिमान. जे असेल ते तोंडावर सांगायचं, आणि माणूस जितकं जवळचं तितकं जास्त परखडपणे सांगायचं, नाहीतर लोक म्हणतील मैत्रिणीला सांभाळून घेतलं. नोरीनने बरणीपुढच्या कार्डावर लिहिलं: चव छान. सेट झालेला नाही. आणि मग जरा थांबून, कुणाला बोट दाखवायला जागा राहू नये म्हणून, खाली आणखी एक ओळ लिहिली: घाई केलेली दिसते.

दुपारी दार उघडलं तेव्हा साऱ्या चॅपलने ती कार्डं वाचली. डिलिसने वाचलं, बरणी उचलून पिशवीत टाकली आणि चहाला न थांबता निघून गेली.

पुढच्या गुरुवारी नोरीनने टॉवेल गरम करून ठेवला. दहा वाजून गेले. पावणेदहाच्या बसमधून डिलिस उतरली नव्हती, हे तिने खिडकीतून पाहिलंच होतं. मग ती चालत येऊन खाली शेजारच्या गावाला जाणाऱ्या बसमध्ये चढताना दिसली. त्या गावात दोन सलून होती.

"मी खोटं काय लिहिलं?" रात्री जेवताना नोरीन म्हणाली.

"खोटं नव्हतं," क्लिफर्ड म्हणाला. "पण तिसरी ओळ कशाला?"

"दिसलं ते लिहिलं."

"सगळं दिसलेलं लिहितेस का तू? मला टक्कल पडतंय हे कुठे लिहिलंयस?"

नोरीन हसली नाही. तिला वाटलं होतं, फार तर पंधरा दिवस. डिलिसचा नवरा एर्नेस्ट त्या उन्हाळ्यात आजारी होता. शरद ऋतूत तो गेला तेव्हा नोरीनला वाटलं, मयताला जायचं तर ही केस करायला येईलच. या उन्हाळ्यापर्यंत चाळीस वर्षांत दुसऱ्या कुणाचा हात लागला होता तिच्या केसांना? आदल्या दिवशी तिने एक बाई परत पाठवली आणि वाट बघत बसली. डिलिस आली नाही. चॅपलमध्ये ती काळी टोपी घालून होती. बाहेर दोघींनी हात हातात घेतला. "वाईट झालं गं," नोरीन म्हणाली. "हो," डिलिस म्हणाली. बस्स. इतक्या वर्षांच्या मैत्रीत आता एवढंच उरलं होतं, आणि दोघींपैकी एकीलाही ते वाढवता येईना.

यानंतर वर्षं गेली. क्लिफर्ड गेला. गिरण्यांच्या इमारतींत गोदामं झाली. तरुण मुली केस मोकळे सोडून हिंडू लागल्या. त्यांना सेट म्हणजे आजीचं डोकं वाटे. नोरीनच्या बायका एकेक करून कमी झाल्या, दोन ड्रायरपैकी एक बंद पडला तो तिने दुरुस्तही केला नाही. तरी गुरुवारी दहा वाजता तिची खुर्ची रिकामीच असे.

त्या वेळेवर सग्डनबाईंचा डोळा होता. सग्डनबाई वरच्या आळीच्या, गुडघे दुखणाऱ्या, त्यांची वेळ गुरुवारी साडेअकराची; त्या पावणेदहाच्या बसने येऊन नोरीनच्या दारातल्या थंडीत नाहीतर कोपऱ्यावरच्या बेकरीत वेळ काढायच्या. दर दोन-तीन महिन्यांनी त्या खडा टाकून बघायच्या.

"नोरीन, दहाला कोण असतं गं तुझ्याकडे?"

"दहाला मी बेसिन घासते."

"दर गुरुवारी?"

"दर गुरुवारी."

"काय सोन्याचं आहे का ते बेसिन?"

नोरीन पुढचा रोलर उचलायची. इंग्रजीत असल्या हट्टी माणसालाही सेट झालेलं म्हणतात. सिमेंट कसं एकदा आळलं की आळलं. आपल्याकडे म्हणतात, सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. नोरीनला डिलिसकडे जाऊन दार वाजवणं जमेना, पण तिची वेळ दुसरीला देणंही जमेना. डिलिस एक दिवस त्या बसमधून उतरेल, आत येईल आणि 'अगं नोरीन' म्हणून ट्रे मांडीवर घेईल, एवढंच तिला हवं होतं. त्यासाठी तिने अकरा वर्षं बेसिन घासलं.

डिलिसचं कळलं तेही सग्डनबाईंकडूनच. "काल पेठेत डिलिस ग्रीनवुड दिसली," रोलर लावून घेता घेता त्या म्हणाल्या. "पायांत घरातल्या सपाता. मी म्हटलं, कुठे निघालीस? तर म्हणे एर्नेस्टसाठी किपर मासे घ्यायला. आता काय सांगायचं तिला?"

नोरीनचा हात थांबला. "काय सांगितलंत?"

"सांगितलं, आज किपर चांगले नाहीत."

त्या रात्री नोरीनने ठरवलं, जाऊन यायचं. पण ईस्टर होऊ दे म्हणाली. मग खिडकीला रंग लावायचा होता. मग स्वतःचाच पाय मुरगळला. एकीकडे तिला कळत होतं की डिलिसच्या डोक्यातून एकेक माणूस निसटतंय आणि आपली पाळी येण्याच्या आत पोचलं पाहिजे. दुसरीकडे, अकरा वर्षांनी त्या दारात उभं राहून पहिलं वाक्य काय बोलायचं ते सुचेना. आमच्या गावची माणसं परखड खरी, पण माफी मागायची वेळ आली की तोंडाला कुलूप.

शेवटी गिलियनच आली. केस पांढरे व्हायला लागलेली, दोन नातवंडांची आजी. तरी लहानपणासारखी दारातच कोट मुठीत धरून उभी राहिली.

"नोरीनआंटी, आईला आल्डरब्रुकच्या वृद्धाश्रमात ठेवलंय. झाला महिना."

"कळलं मला."

"केसांना हात लावू देत नाही ती कुणालाच. तिथल्या बायका चांगल्या आहेत गं, पण ही ओरडते, चावते. गुंता झालाय सगळा. त्या म्हणतात, आता बारीक कापूनच टाकावे लागतील." तिचे डोळे भरले. "बाकी काहीही होऊ दे, पण पुरुषासारखं डोकं झालेली आई मला नाही बघवणार. तू येशील?"

"ती मला येऊ देईल?"

"मला नाही माहीत," गिलियन म्हणाली. "तुझं तिचं काय झालं तेही मला नाही माहीत. विचारलं की तोंड फिरवायची."

बुधवारी नोरीन गेली. पिशवीत रोलर, पिना, जाळी, हातात धरायचा ड्रायर आणि त्याला जोडायची कापडी टोपी. बसमध्ये ती मनातल्या मनात वाक्य घोकत होती. 'डिलिस, मी ती ओळ लिहायला नको होती.' एवढं सांगायचं आणि मग ती काय म्हणेल ते ऐकून घ्यायचं. उशीर झालेला नसू दे, एवढीच तिची प्रार्थना होती.

डिलिस खिडकीपाशी बसली होती. वाळून अर्धी झालेली. केसांची एक बाजू उशीने चापट झालेली, दुसऱ्या बाजूला चिमणीचं घरटं.

"डिलिस, मी नोरीन," नोरीन म्हणाली.

डिलिसने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "छे! नोरीनचे केस लाल आहेत. गाजरासारखे."

"ते पिकले."

"नोरीनचे?" डिलिस हसली. "ती मरेल, पण केस पिकू द्यायची नाही. तू कोण गं?"

नोरीन पलंगाच्या कडेवर बसली. ज्या बाईकडे माफी मागायची ती समोर होती आणि नव्हतीही. ईस्टरच्या आधी आले असते तर, खिडकीचा रंग मसणात घालून आले असते तर, असं तिला वाटलं आणि तिला स्वतःचाच राग आला.

"केस करणारी," ती शेवटी म्हणाली.

"माझ्या केसांना हात लावायचा नाही."

"बरं."

काहीतरी करायचं म्हणून तिने पिशवीतून सामान काढलं आणि रोलरचा ट्रे कुठे ठेवावा म्हणून इकडेतिकडे पाहिलं. टेबलावर औषधं होती. तिने तो सवयीने डिलिसच्या मांडीवर ठेवला. डिलिस ट्रेकडे बघत राहिली. मग तिने रोलर चिवडले आणि हिरवे एका बाजूला, निळे मध्ये, गुलाबी कडेला असे लावायला सुरुवात केली. लावून झाल्यावर ताठ बसली आणि म्हणाली, "आधी धुणार ना? कोरड्या केसांवर सेट धरत नाही. एवढंही माहीत नाही?"

"चुकलं," नोरीन म्हणाली.

बेसिनमध्ये मान टाकून डिलिसने डोळे मिटले. ना ओरडली, ना चावली. नोरीनने बोटांनी एकेक गुंता सोडवला. मग खुर्चीत बसवून पहिली बट उचलली आणि हात पुढे केला. हातात हिरवा रोलर आला. पुन्हा हात पुढे, पुन्हा हिरवा. बाजूला वळली तेव्हा तिने काही न सांगता निळा आला. मागून येऊन दारात उभी राहिलेली गिलियन तोंडावर हात धरून बाहेर निघून गेली.

"हात बरा आहे तुझा," डिलिस म्हणाली. "माझी नेहमीची नोरीन आहे. तिला सांगू नकोस हं, मी दुसरीकडून केस केले ते. तिला राग येतो."

"नाही सांगत."

"पुष्कळ दिवसांत गेले नाही मी तिच्याकडे." तिने ट्रेतल्या निळ्या रोलरांची रांग सरळ केली. "तिने आमचा जॅम नापास केला."

नोरीनच्या बोटातली पीन तशीच राहिली. "सेट झाला नव्हता का?"

"कुठला सेट होतोय! सरबत होतं नुसतं. मला काय दिसत नव्हतं? पण तो मी नव्हता केला. एर्नेस्टने केला."

"एर्नेस्टने?"

"दरवर्षी तोच करायचा. त्याच्या वाफ्यातल्या स्ट्रॉबेरी, तोच ढवळायचा. क्लबातले पुरुष हसतील म्हणून नाव माझं. त्या वर्षी त्याला उभंही राहवत नव्हतं. मी म्हटलं, राहू दे रे या वर्षी. तर नाही. स्टूल घेऊन शेगडीपुढे बसला. एका हाताने कट्टा धरायचा, दुसऱ्याने ढवळायचा. दमला की थांबायचा. सबंध दुपार गेली. थांबून थांबून कसा सेट होईल तो? पण म्हणाला, प्रदर्शनाला ठेव. मी ठेवला." तिने निळा रोलर पुढे केला. "आणि ती लिहिते, घाई केलेली दिसते. घाई!"

अकरा वर्षं नोरीन म्हणत आली होती, मी खोटं काय लिहिलं. दोन ओळी खऱ्या होत्या. तिसरी साफ खोटी होती आणि ती तिने परखडपणाच्या तोऱ्यात लिहिली होती. तिला रडू आलं आणि तिने ते आवरलं नाही. मागे उभी असल्यामुळे दिसणारही नव्हतं.

"एर्नेस्ट काय म्हणाला?" तिने विचारलं.

"तो? तो कार्ड वाचून हसला. म्हणाला, नोरीनचं बरोबर आहे, पावावरून ओघळतोय की. वेडाच मेला तो. त्याने कधीच सोडून दिलं. मलाच नाही सोडता आलं."

"ती चुकली, डिलिस."

"कोण?"

"नोरीन. तिने तसं लिहायला नको होतं. तिला माहीत नव्हतं."

"माहीत कसं असणार? मी सांगितलंच नाही." डिलिसने खांदे उडवले. "हट्टी आहे ती. मीही आहे. गुलाबी देऊ का आता?"

"दे."

वाळवून, विंचरून, फुलवून झाल्यावर नोरीनने आरसा धरला. डिलिसने डोकं इकडे वळवलं, तिकडे वळवलं, मागचा भाग बघायला दुसरा आरसा मागितला. राणीला बघायला निघालेली मुलगी क्षणभर त्या आरशात होती.

"हं. जमलंय," ती म्हणाली. "नोरीनइतकं नाही."

"तिच्याइतकं कसं होईल?"

"पण बरं आहे. परत येशील?"

"येईन की. पुढच्या आठवड्यात, गुरुवारी येऊ?" नोरीनच्या तोंडून सवयीने गेलं.

"गुरुवारी?" डिलिसने आरसा खाली ठेवला. "गुरुवारी नाही बाई जमायचं. गुरुवारी दहाला मी नोरीनकडे असते. ती वेळ माझी आहे. ती कुणाला देत नाही ती."

"नाही देत," नोरीन म्हणाली. "मग मी बुधवारी येते."

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. बाहेर आडवा पाऊस होता. पावणेदहाची बस आली आणि सग्डनबाई प्लास्टिकची टोपी डोक्यावर धरून थेट नोरीनच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"मी आज बाहेर थांबायची नाही," त्या म्हणाल्या. "माझे गुडघे गेलेत, तिकडे उभ्याउभ्या वारा खाते मी. ती खुर्ची रिकामी पडलीय, मला दिसतंय. बेसिन नंतर घास."

नोरीनने त्यांचा कोट काढून घेतला, खुंटीला लावला आणि त्यांना चुलीजवळच्या खुर्चीत बसवलं. किटली चढवली. कपाटातून आईच्या निळ्या काठाच्या सेटमधली कपबशी काढली. सग्डनबाई चपापून बघायला लागल्या, कारण तो सेट कधी निघतो हे गावाला माहीत होतं.

"कोण गेलं?" त्यांनी घाबरून विचारलं.

"कोणी नाही गेलं. इथे उबेत बसा, दर गुरुवारी बसा, चहा देईन. पण केस साडेअकरालाच."

"आणि दहाला काय?"

नोरीनने गरम टॉवेल घडी करून रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर ठेवला.

"दहाची वेळ डिलिसची आहे."

"अगं, पण ती तर आल्डरब्रुकला... तिला आता काही आठवत—"

"आठवतं," नोरीन म्हणाली. "कालच सांगितलं तिने मला."